थांबलेला ठिपका

आमच्या अंगणात दर दिवाळीला किल्ला होतो. बांधणारे हात बदलत गेले, किल्ला मात्र तोच राहिला. आधी मी बांधीत असे. मग सुटीत आमच्याकडे राहायला येणारा माझा भाचा बांधू लागला. आणि आता माझा नातू बांधतो. विटांचे तुकडे आणि दगड रचायचे, त्यांवर जुनी पोती अंथरायची, वरून चिखलाचा गिलावा द्यायचा आणि चिखल ओला असतानाच अळीव पेरायचे. वसुबारसेला गडावर हिरवे दिसलेच पाहिजे, असा आमच्या घराचा जुना दंडक आहे.

2025 च्या दिवाळीत या कामाला काही निराळाच जोर चढला होता. त्या वर्षी 11 जुलैला युनेस्कोने रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घातले. ही वार्ता शाळेपर्यंत पोहोचली होती, आणि आमच्या चिरंजीवांनी 'युनेस्कोचा रायगड' बांधायचे ठरवले होते. युनेस्कोचा रायगड आणि आपला रायगड यांत फरक काय, असे मी विचारले. "युनेस्कोच्या रायगडाला पाटी असते," असे उत्तर मिळाले. महादरवाजाच्या वाटेवर तो एकामागून एक मावळे उभे करीत होता. पेठेतून आणलेले नवे आणि माळ्यावरून काढलेले जुने मिळून चाळीस तरी असतील.

तो भाचा, आता चाळिशीला आलेला, बऱ्याच वर्षांनी दिवाळीला घरी आला होता. तो शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "अरे, दरवाजा दोन बोटांचा आणि माणसं चाळीस. चेंगरतील की!"

"नाही चेंगरत," नातू शांतपणे म्हणाला, "ती मातीची आहेत."

भाचा मोठ्याने हसला. "माझी पण," म्हणाला.

त्याचा अर्थ मला संध्याकाळी कळला. फराळाच्या ताटल्या बाजूला सारून त्याने आपला संगणक उघडला. युरोपातल्या एका लहानशा कंपनीत तो काम करतो. आपण नक्की काय करतो हे त्याने मला आजवर चार वेळा समजावून सांगितले होते आणि चारही वेळा मी मान डोलावली होती. या खेपेला चित्रच समोर होते. व्हेनिस शहराचा नकाशा, त्यात केसासारख्या बारीक गल्ल्या, आणि त्या गल्ल्यांतून सरकणारे शेकडो निळे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक प्रवासी. रेल्वे स्थानकातून एक घोळका सुटे, दोन वाटांनी फाटे, मोठ्या पुलाशी पुन्हा एक होई. त्याच्या भाषेत याला सिम्युलेशन म्हणतात. मला आपला भातुकली हाच शब्द सुचला. खोटी माणसे, खोटे रस्ते; पण नियम खरे. उद्या खरी माणसे आली तर कुठे अडतील हे आज खोट्या माणसांना चालवून पाहायचे.

मी पाहत राहिलो. मोठी मौज वाटत होती. एवढ्यात एका बारक्या पुलावर एक ठिपका थांबला. त्याच्या मागे दहा थांबले, मग तीस, आणि निळ्याचे हळूहळू तांबडे झाले.

"हा का थांबला?" मी विचारले.

"काही जण थांबतात. फोटो काढतात, नकाशा बघतात. शंभरातले किती थांबतात, किती वेळ थांबतात, ते कॅमेऱ्यांवरून मोजलंय. त्या प्रमाणात यंत्र सोडत काढतं आणि ठिपके थांबवतं."

"म्हणजे याला थांबायचं कारण काही नाही?"

"कारण लागत नाही, मामा. मिनिटं लागतात."

यावर मी काही बोललो नाही. त्याला वाटले असेल, पाचव्यांदाही मामांना कळले नाही. पण मी गप्प राहिलो याचे कारण निराळे होते, आणि ते सांगण्यापूर्वी मला त्या ठिपक्यांची बाजू मांडली पाहिजे. आमच्या पिढीला यंत्राने माणसाला ठिपका म्हटले की लगेच गहिवर येतो, आणि हा गहिवर फार स्वस्त असतो.

माणूस गर्दीत शिरला की त्याचे चालणे गणिताला सापडते, ही गोष्ट खरी आहे. 1995 साली डर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार या दोघा अभ्यासकांनी ती अगदी थोडक्या नियमांत मांडली. प्रत्येक चालणाऱ्याला त्याचे ठिकाण ओढीत असते, आणि शेजारची माणसे व भिंती त्याला दूर लोटीत असतात. एवढ्या ओढाताणीवर ठिपके सोडून दिले, की समोरासमोरून येणारे आपोआप रांगा धरतात आणि अरुंद दाराशी एकदा इकडचे, एकदा तिकडचे असे आळीपाळीने सुटतात. त्यांना हे कोणी शिकवलेले नसते. पुढे 2000 साली हेल्बिंग आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : दाराशी सर्वांनीच घाई केली, तर सर्वांनाच बाहेर पडायला जास्त वेळ लागतो. यासाठी समीकरणे मांडावी लागली याचे दादरला गाडीतून उतरणाऱ्यांना नवल वाटेल. पण जे अंगाला कळते ते कागदावर आले म्हणजे त्याचा उपयोग करता येतो. एका चौरस मीटरात चार-पाच माणसे असेपर्यंत माणूस कसाबसा आपल्या पायांनी चालतो. सहा-सातच्या वर गेली की पाय आपले राहत नाहीत. मग गर्दीतून लाटा जातात आणि माणूस त्या नेतील तिकडे जातो. आपल्या भाषेला हे फार पूर्वीच उमगले असावे. लोंढा, लाट, पूर, जनसागर : गर्दीसाठी आपण योजलेले शब्द पाहा, बहुतेक पाण्याचे आहेत.

29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर 23 माणसे चेंगरून मेली. सणाचे दिवस होते, दुसऱ्या दिवशी दसरा. पावसाची सर आली आणि लोक आडोशाला पुलावरच थांबले. खालून गाड्या नवी माणसे सोडीत राहिल्या. त्यांतले कोणी दुष्ट नव्हते, कोणी मूर्ख नव्हते. पाऊस आला तर माणूस थांबतो, यात त्याचा गुन्हा काय? तरीही त्या थांबण्याचीच किंमत मोजावी लागली, आणि ती थांबलेल्यांनी व चालणाऱ्यांनी मिळून मोजली. तो पूल एवढी माणसे सोसणार नाही हे आदल्या वर्षी कोणी ठिपके चालवून पाहिले असते आणि पाहून ऐकले असते, तर 23 घरांत त्या वर्षी आकाशकंदील लागले असते. भाचा म्हणतो, "ज्याचा जीव वाचतो त्याला ठिपका म्हटल्याचा राग येत नाही, मामा." याला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि ते शोधण्याची मला इच्छाही नाही.

शिवाय ठिपका होण्यात एक न्याय आहे. आपण गर्दीत असतो तेव्हा 'काय ही गर्दी!' असे म्हणतो, आणि त्या गर्दीत स्वतःला कधी मोजीत नाही. गर्दी म्हणजे इतर. मी आपला एकटा, दोन क्षण काही सुंदर पाहायला आलेला. त्या पडद्यावर मात्र सगळे ठिपके सारख्या आकाराचे असतात. मंत्र्याचा मोठा नसतो आणि कवीचा हिरवा नसतो. संतांनी अहंकार सोडा म्हणून सांगून जे आमच्याकडून झाले नाही, ते या नकाशाने दोन मिनिटांत केले.

आता मी गप्प का राहिलो ते सांगतो.

2019 च्या मे महिन्यात आम्ही दोघे व्हेनिसला गेलो होतो. शाळेच्या पुस्तकात पाण्यातल्या शहराचे चित्र पाहिल्यापासून ते शहर पाहायचे हा आमच्या हिचा हट्ट होता. एरवी हट्ट करण्याचा तिचा स्वभाव नव्हता. उतरलो होतो मेस्त्रेला, म्हणजे पुलाच्या अलीकडे, जमिनीवर, कारण तिथे खोल्या स्वस्त मिळतात. सकाळी गाडीने शहरात गेलो. शंभरावर बेटे, चारशेवर पूल, आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. तिचा गुडघा दुखत होता, पण त्याविषयी ती चकार शब्द बोलली नाही. अकराच्या सुमारास आम्ही एका अरुंद पुलावर चढलो. पुढेमागे माणसेच माणसे. छत्री उंच धरून चाललेला वाटाड्या आणि त्याच्या मागे त्याचा कळप, असे तीन कळप. मी घड्याळाकडे पाहिले, कारण बाराच्या आत मुख्य चौकात पोहोचायचे असे मी ठरवले होते.

आणि ही पुलाच्या मध्यावर थांबली.

मला वाटले गुडघा. मागच्यांना वाटले फोटो. कोणी तरी काही तरी पुटपुटले. भाषा कळली नाही, सूर कळला. पलीकडे पुलाच्या पायथ्याशी एक म्हातारी उभी होती. हातात दोन चाकांची बाजाराची पिशवी, पिशवीतून भाजीच्या काड्या वर आलेल्या. पुलावरून माणसांचा लोंढा उतरत होता आणि तिला पहिल्या पायरीवर पाय ठेवायला जागा मिळत नव्हती. किती वेळ उभी होती कोण जाणे. हिने एक हात कठड्याला लावला, दुसरा आडवा धरला आणि आम्हां सर्वांना तिथल्या तिथे थोपवले. म्हातारी एकेक पायरी चढली, दर पायरीला पिशवीची चाके वर ओढून घेत. आमच्याजवळून गेली. हसली नाही, आभारही मानले नाहीत.

ती गेल्यावर ही म्हणाली, "रागावली होती."

"तुझ्यावर? तू तर वाट दिलीस."

"माझ्यावर नव्हे हो. आपल्यावर."

कॅमेऱ्याने त्या पुलावर त्या दिवशी काय नोंदवले असेल? एक व्यक्ती थांबली. कालावधी, सुमारे दोन मिनिटे. परिणाम, मागे खोळंबा. नोंद अगदी बरोबर आहे. भाच्याच्या नकाशात तिची मिनिटे धरली असतील आणि शंभरातल्या त्या थोड्यांमध्ये तीही जमा असेल. पण फोटोसाठी थांबणे आणि दुसऱ्यासाठी थांबणे यांचा तिथे एकच रंग आहे, तांबडा.

त्याच संध्याकाळी रियाल्टो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत आम्ही एक आकडा पाहिला. दुकानदाराने 2008 साली तो लावला. जुन्या शहरात आता किती रहिवासी उरले, ते त्यावर दिसते. आम्ही गेलो तेव्हा तो 52 हजारांच्या घरात होता. 1951 च्या सुमारास याच बेटांवर पावणेदोन लाख माणसे राहत होती. 2022 साली हा आकडा 50 हजारांच्या खाली गेला. घरे पाहुण्यांना भाड्याने जातात, वाण्याच्या जागी मुखवट्यांचे दुकान येते, आणि एक दिवस म्हातारीला भाजी आणायला तीन पुलांऐवजी सात पूल ओलांडावे लागतात. हिने तो आकडा दोनदा वाचला.

याच शहरात मोजणारे दुसरेही एक ठिकाण आहे. त्रोंकेत्तो नावाच्या बेटावर नगरपालिकेने एक नियंत्रण कक्ष उभारला आहे. शहरात या घटकेला किती मोबाइल आले, ते कोणत्या देशांतून आले, कोणत्या गल्लीत दाटी झाली, कालव्यांतून किती नावा चालल्या, हे सारे तिथल्या भिंतीएवढ्या पडद्यांवर दिसते. काल, परवा आणि गेल्या वर्षी या दिवशी काय झाले ते पाहून उद्याचा अंदाज बांधायला यंत्राला शिकवता येते, आणि हीच ती कृत्रिम बुद्धिमत्ता. अमुक रविवारी, अमुक हवामानात, अमुक सणाला दुपारपर्यंत किती माणसे येतील हे ते वर्तवते. आमच्या पंचांगापेक्षा त्याचे भाकीत पुष्कळदा बरे ठरत असावे. म्हणजे एकाच शहरात दोन आकडे : आत येणाऱ्यांचा पडद्यावर, सोडून जाणाऱ्यांचा औषधवाल्याच्या खिडकीत. पहिल्यासाठी केवढा खटाटोप आणि केवढी बुद्धी! दुसऱ्यासाठी एक दुकानदार.

दुसऱ्या दिवशीची घंटाघराची तिकिटे मी आधीच काढून ठेवली होती. सकाळी ही म्हणाली, "आज नको जाऊ या." मी पैशांची गोष्ट काढली. ती म्हणाली, "आपलं खुलभर झालं." आणि मेस्त्रेच्या एका साध्या चौकात कॉफी घेऊन आम्ही अकरापर्यंत बसून राहिलो. मी थोडा रुसलोही होतो, हे कबूल करतो.

खुलभर दुधाची कहाणी श्रावणी सोमवारी ज्यांच्या घरी वाचतात त्यांना वेगळे सांगायला नको. राजाच्या मनात महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे आले. दवंडी पिटली : गावातले सगळे दूध देवळात आणा. सगळे आले, गाभारा भरेना. एका म्हातारीने मात्र आधी घरातल्या मुलाबाळांना दूध पाजले, गाईवासरांना तृप्त केले, आणि जे उरले ते खुलभर दूध नेऊन ओतले. गाभारा भरला. लहानपणी यातला चमत्कार तेवढा आवडायचा. पुढे भावाचे महत्त्व वगैरे कळले. परंतु मला आता वाटते, ही कहाणी मोजमापाविषयी आहे. राजाने दूध मोजले होते. गाभाऱ्याचे माप त्याला ठाऊक होते, गावातल्या दुधाचे ठाऊक होते. हिशेब बरोबर होता. त्याने वासरे मोजली नव्हती. म्हातारीने राजाची आज्ञा मोडली नाही आणि देवाशी वैरही धरले नाही. तिने फक्त हिशेबाचा क्रम बदलला. आधी घरचे, मग उरेल ते.

यंत्र राजासारखे आहे असे मी म्हणत नाही. यंत्र बिचारे दवंडीवाल्यासारखे आहे. सांगितले तेवढे करते. त्याला सांगणारा काय सांगतो, एवढाच प्रश्न. 'चेंगराचेंगरी न होता जास्तीत जास्त माणसे कशी जातील?' असे विचारले, तर ते त्याचे उत्तर देईल आणि ते उत्तर उत्तम असेल. वाटा एकेरी करा, गाड्यांच्या वेळा बदला, या गल्लीतले त्या गल्लीत वळवा. मग काय होते? जिथे साठ हजार मावत नव्हते तिथे ऐंशी हजार सुखाने मावतात. रस्ता रुंद केला की गाड्या वाढतात, तसेच हे. लोंढ्याला वळण लागले, लोंढा ओसरला असे नाही. 'त्या म्हातारीला भाजी घेऊन घरी जाता येईल अशा बेताने किती पाहुणे यावेत?' हाही तितकाच गणिती प्रश्न आहे. तो विचारायला कोणी यंत्राला बंदी केलेली नाही.

आणि 'किती' ठरल्यावर 'कोण' हा प्रश्न उरतोच. व्हेनिसने 2018 मध्ये पुलांशी फिरती फाटके लावून पाहिली. आमच्या शहराची जत्रा करता काय, म्हणून रागावलेल्या काही नगरवासीयांनी त्यांतले एक उखडले. 2024 च्या 25 एप्रिलपासून 29 दिवस पाच युरो प्रवेशकर ठेवला. पुढल्या वर्षी दिवस 54 केले आणि आयत्या वेळी येणाऱ्याला दहा युरो. पहिल्या वर्षी सुमारे 24 लाख युरो जमले; गर्दी मात्र हटली नाही, अशी टीका झाली. हा कर कोणाला नाही ते पाहण्यासारखे आहे. तिथल्या रहिवाशांना नाही हे योग्यच. पण नगरपालिकेच्या हद्दीत हॉटेलात रात्र काढणाऱ्यालाही तो नाही, कारण त्याने हॉटेलच्या बिलात निराळा कर भरलेला असतो. राहिला कोण? सकाळी डबा घेऊन येणारा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणारा. ज्याला तिथली एक रात्र परवडत नाही तो. असा निर्णय माणसे घेतात, नगरपालिकेत बसून, हात वर करून. तो घ्यावाही लागतो. चूक असेल तर बदलता येतो. मला भीती वाटते ती त्या दिवसाची, जेव्हा हेच सारे 'यंत्राने ठरवले' म्हणून सांगितले जाईल आणि हात वर करणारे दिसेनासे होतील. आकड्याशी भांडता येत नाही, म्हणून माणूस आकड्याच्या आड लपतो. आमच्या शाळेत प्रवेश नाकारताना कारकून 'यादीत नाही' असे म्हणे. यादी कोणी केली, हे विचारायचे पालकांना सुचत नसे.

भाच्याला मी हे सगळे बोललो. त्याला ते नवीन नव्हते. तो म्हणाला, "मामा, 2020 साली व्हेनिस रिकामं होतं. कालव्याचं पाणी नितळ झालं म्हणून जगभर फोटो छापले. आणि नावाडी, हॉटेलातले वाढपी, दुकानातल्या मुली घरी बसून होत्या. त्या म्हातारीचा मुलगाही त्यांच्यात असेल." हे मला मान्य केले पाहिजे. राजगडाखालच्या गावात पिठलं-भाकरी करून वाढणारी बाई आपल्याला सांगेल, की माणसे आणखी येऊ द्यात. तिचे दूधही याच गाभाऱ्यावर अवलंबून आहे. कहाणीतल्या म्हातारीच्या घरी निदान गाय होती.

दुसरी अडचण माझी मलाच आहे. मी पाहून आलो. पाहून आलेल्याने 'खुलभर पुरे' म्हणणे सोपे असते. माझा नातू अजून रायगडावर गेलेला नाही. त्याने चिखलाचा रायगड बांधला, त्यावर पाटी लावली, आणि या थंडीत खऱ्यावर जायचे म्हणून तो मागे लागला आहे. त्याला मी काय सांगू? आपल्या एकाच्या जाण्याने काय होते, असे प्रत्येक जण म्हणतो, आणि ते खरेही असते. कोणत्या एका दाण्याने ढीग झाला हे आजवर कोणाला सांगता आलेले नाही. म्हणून तू तो दाणा होऊ नकोस, असे मी नऊ वर्षांच्या मुलाला सांगणार नाही. सांगितले तरी ते न्यायाचे होणार नाही. जागतिक वारसा म्हणायचे आणि वारसाला दाराबाहेर उभे करायचे!

उद्या रायगडावर ठरावीक वेळेची चिठ्ठी घेऊन जावे लागले, तर मी कुरकुर करणार नाही. महादरवाजाशी गर्दी होऊन कोणाची आई घसरण्यापेक्षा ते शतपटीने बरे. पण त्या चिठ्ठ्या ज्याच्या खिशात चांगला मोबाइल आहे त्यालाच मिळतील, की पायथ्याच्या वाडीतल्या धनगराच्या म्हातारीसाठीही काही राखून ठेवतील? ती तर आदल्या रात्री ठरवून सकाळी चढणारी. तिची नोंद मागच्या वर्षीच्या आकड्यांत सापडणार नाही. तिने कधी तिकीट काढलेलेच नसेल. जे मोजलेले नाही ते नाहीच, असे यंत्राला वाटू शकते. आपल्याला तसे वाटू नये, एवढी खबरदारी किल्ल्यांच्या आराखड्यांवर सही करणाऱ्यांना घेता येईल. व्हेनिसला हे उमगेपर्यंत सव्वा लाख माणसे निघून गेली. आपल्या किल्ल्यांची यादी अजून ताजी आहे.

भाचा शेवटी म्हणाला, "तुमची ती म्हातारी मॉडेलमध्ये घालता येईल. अवघड नाही."

"मग घातली का नाही?"

"कोणी सांगितलं नाही."

त्या रात्री मी झोपायला गेलो तेव्हा त्याच्या खोलीत दिवा होता. पाडव्याच्या सकाळी अभ्यंगस्नान, फराळ आटोपल्यावर त्याने मला बोलावले. पुलाच्या पायथ्याशी एक नवा ठिपका होता, निळा नव्हे, पिवळा. त्याने यंत्र चालू केले. निळे उतरत राहिले, पिवळा उभाच राहिला. एक मिनिट, दोन, पाच. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात नऊ मिनिटे झाली तेव्हा घोळक्यात थोडी फट पडली आणि पिवळा ठिपका वर सरकला.

"आता आणखी एक करून बघतो," भाचा म्हणाला. "वरून येणाऱ्यांतला एक जण तिला पाहून थांबला असं धरू या. त्यासाठी तिला चढायला किती वेळ लागतो ते हवं. मामा, त्या पुलाला पायऱ्या किती होत्या?"

मी आठवू लागलो. कठडा आठवला, छत्री आठवली, भाजीच्या काड्या आठवल्या. पायऱ्या काही केल्या आठवेनात. मी तर त्या वेळी घड्याळाकडे पाहत होतो. ज्या गुडघ्याने त्या मोजल्या असतील तो दोन वर्षांपूर्वीच निघून गेला.

"वीस धर," मी म्हणालो. बाहेरून नातू ओरडत होता, की गडावरचे अळीव सुकायला लागले आहे, कोणी तरी पाणी घेऊन या.